चांदवडचा काळा दगड आणि जीवाश्मांचे शिक्षण

चांदवड तालुक्यात बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींची यादी ठरलेली असते: नर्सिंग, इंजिनिअरिंग, नाहीतर एमपीएससी. जीवाश्मशास्त्राचे नाव कोणी घेत नाही. घरचेही विचारतात, 'हाडं शोधून पोट भरतं का?' प्रश्न रास्त आहे.

आधी विषय समजून घेऊ. सातमाळा डोंगररांगेत डायनासोर शोधू नका. हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. विहीर खोदताना निघणारे चमकदार स्फटिकही जीवाश्म नव्हेत, ती खनिजे. जीव टिकतात ते लाव्हाच्या थरांखालच्या किंवा दोन थरांमधल्या गाळात. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा इथे डायनासोरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडली. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण दाखवले. तोवर गवत डायनासोरनंतर पसरले असे मानले जाई. विष्ठेच्या गोळ्याने जुनी समजूत मोडली!

आपल्या जिल्ह्यातही आहे. निफाडमधील नांदूर मध्यमेश्वरला आपण पक्षी बघायला जातो. तिथल्या गोदावरीच्या गाळातल्या नामशेष हत्तीच्या अवशेषांवर पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिले होते.

वाट अशी: बी.एस्सी. भूशास्त्र, मग एम.एस्सी., पुढे नेट आणि पीएच.डी. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय व विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग, नागपुरातही विद्यापीठाचा विभाग आहे. माणूस आणि प्राणी यांच्या जुन्या नात्यात रस असेल तर डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व पाहा.

फक्त जीवाश्मांवर नोकरी मिळेल असे सांगणे फसवणूक ठरेल, जागा मोजक्याच. पण भूशास्त्राची पदवी वाया जात नाही. यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते, भूजल सर्वेक्षणाचे काम करता येते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. शहरातल्या राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना आणि पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे; अटी व तारखा प्रवेशाआधीच तपासा.

एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा आपण निषेध केला. बरोबरच केला. पण त्या विषयात आपली किती मुले संशोधन करतात, हेही मोजायला हवे.

आणि नदीकाठी दगडासारखे हाड दिसलेच तर उपटू नका. कोणत्या थरात होते हे कळले नाही तर त्याचे वय ठरवणे अवघड होते. फोटो काढा, जागा नोंदवा, जवळच्या भूशास्त्र विभागाला कळवा.