दुसऱ्याच्या हातातला फासा

लढाईच्या गोष्टीत तरवार गाजवणारा वीर असतो, मंत्र टाकणारा जादूगार असतो, जखमा बांधणारा वैद्य असतो. पण वीणा खांद्याला लावून ह्या सगळ्यांच्या मागून चालणाऱ्या गवयाचे काय करायचे? गोष्ट लिहिणाऱ्याला हा प्रश्न फारसा छळत नाही. चार ओळींत त्याचे गाणे उरकून तो पुढे जातो. मात्र त्याच गोष्टीचा खेळ मांडायचा झाला आणि खेळणाऱ्यांपैकी एकाला तो गवई व्हायचे झाले, की पंचाईत येते. बाकीचे राक्षसाशी झुंजत असताना ह्याने काय तारा जुळवीत बसायचे?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ हे कोडे गेली पन्नास वर्षे सोडवीत आला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली बाहेर काढला. ज्यांच्या घरी तो अजून पोहोचला नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग उभा करतो: समोर दरी आहे, दोराचा पूल कुजलेला आहे, बोला, काय करता? बाकीचे आपापल्या सोंगाला शोभेल ते सांगतात. ते साधले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आलेल्या आकड्यात सोंगाच्या अंगच्या कसबाचे चार-दोन आकडे मिळवायचे; सूत्रधाराने मनात धरलेली संख्या गाठली तर फत्ते. प्रत्येक सोंगाला एक पेशा असतो, त्याला ह्या खेळात 'क्लास' म्हणतात. गवयाच्या पेशाचे नाव 'बार्ड'.

बार्डला मराठीत काय म्हणावे? भाट म्हणावे तर खुशामतीचा वास येतो. शाहीर हा शब्द अधिक जवळचा. अफझलखानवधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास किंवा सिंहगडाचा पोवाडा रचणारा तुळशीदास आठवा: पराक्रम दुसऱ्याचा, नाव दुसऱ्याचे, कंठ मात्र शाहिराचा. पण खेळातला बार्ड शाहिराच्या मागे उभे राहून सूर धरणाऱ्या झीलकऱ्याचेही काम करतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ह्या खेळात बार्ड प्रथम अवतरला तो १९७६ साली, 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' ह्या नियतकालिकात. तो रचणाऱ्या डग श्वेगमन ह्यांनी उत्तरेकडचे स्काल्ड, केल्टिक बार्ड आणि दक्षिण युरोपातले फिरते गवई ह्यांची त्यात मोट बांधली होती. दोन वर्षांनी, १९७८ च्या नियमग्रंथात, त्याला जागा मिळाली ती अगदी शेवटी, परिशिष्टात! आणि अटी तरी किती! अंगच्या सहा गुणांपैकी चार गुण पंधरा किंवा अधिक हवेत. आधी योद्धा म्हणून किमान पाच पायऱ्या चढायच्या, मग चोराच्या पेशात तितक्याच, आणि त्यानंतर ड्रुइड पुरोहितांच्या हाताखाली शिकून बार्ड व्हायचे. म्हणजे गाणे सुरू होईपर्यंत मैफलच उठायची.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही यातायात संपली आणि बार्ड पहिल्या दिवसापासून बार्ड होऊ लागला. पण नवे दुखणे उपटले. त्याला थोडी तरवार, थोडी जादू, थोडी हातचलाखी येई. आणि प्रत्येक गोष्टीत त्याच्यापेक्षा वरचढ असा कोणी ना कोणी शेजारीच बसलेला असे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच्या गाण्याला निश्चित फळ मिळाले: तो गाऊ लागला की ऐकणाऱ्या साथीदारांच्या वारात एक-एक आकडा वाढे. फळ खरे, पण केवढेसे! लढाईच्या धामधुमीत तो एक मिळवायचे लक्षात कोणाच्या राहणार? २००८ च्या चौथ्या आवृत्तीच्या पहिल्या पुस्तकातून तर बार्ड गळलाच. त्याला दुसऱ्या वर्षीच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंत थांबावे लागले.

माझ्या मते कोडे खऱ्या अर्थाने सुटले ते २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत, आणि सुटले ते एका लहानशा कलमाने. बार्ड आपल्या साथीदाराला उभारी देतो, तेव्हा त्याच्या हातात एक जादा फासा येतो. सुरुवातीला सहा बाजूंचा, पुढे बारा बाजूंपर्यंत वाढणारा. पुढच्या दहा मिनिटांत तो साथीदार आपल्या फाशात ह्या फाशाची भर घालू शकतो. असे फासे बार्डाजवळ मोजकेच असतात. आणि कलम असे, की हा फासा बार्डाला स्वतःसाठी वापरता येत नाही. २०२४ च्या सुधारित पुस्तकातही हे कायम आहे.

ह्यात काय काय साधले पाहा. नुसता एक आकडा विसरला जातो. पण मुठीत आलेला फासा विसरता येत नाही. फासे मोजके, म्हणून कोणाला द्यायचा आणि कधी द्यायचा हा विचार आला. आणि स्वतःला देता येत नाही, म्हणून बार्डाला सतत दुसऱ्यांकडे पाहत बसावे लागते: कोण दमला आहे, कोण बिचकला आहे, कोणाची वेळ आता येणार आहे.

हे नुसते पुस्तकी बोलणे नव्हे. आमच्या घरी रविवारी दुपारी हा खेळ बसतो. भाची बार्ड होते, थोरले चिरंजीव योद्धा, आणि धाकटा अकरा वर्षांचा, तो कुलपे उघडणारा चोर. एका रविवारी धाकट्याचा फासा काही केल्या पडेना. चार वेळा फसला, थोरला हसला, आणि 'पुढच्या रविवारी मी नाही येत,' असे त्याने जाहीर करून टाकले. तेवढ्यात तळघरात पाणी चढू लागले. दाराला कुलूप. भाचीजवळ एकच फासा उरला होता आणि थोरला म्हणत होता, 'मला दे, मी दारच फोडतो.' हिशेबाने पाहिले तर त्याचेच बरोबर होते. जोर त्याचा अधिक. तिने फासा धाकट्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, 'वाड्याचं कुलूप कोणी उघडलं होतं रे?'

आठ पडले. कसबाचे पाच मिळवून तेरा. धाकट्याने सूत्रधाराच्या तोंडाकडे पाहिले, मग ताईच्या फाशाकडे, आणि तो टाकला. चार. सतरा! हवे होते पंधरा.

रात्री जेवताना त्याने सगळ्यांना सांगितले, 'कुलूप मी उघडलं.' भाचीनेही तसेच सांगितले, वर दोन तपशील आपल्या पदरचे घालून. फाशाचे नावही काढले नाही. पुढच्या रविवारी स्वारी सर्वांच्या आधी पाटावर हजर!

आता, बार्ड म्हणजे नुसता गोड बोलणारा असे मात्र समजू नका. आयर्लंडच्या एका जुन्या कथेत ब्रेस राजाकडे कॅर्ब्रे नावाचा कवी पाहुणा येतो. राजा त्याला अंधाऱ्या खोपटीत उतरवतो. ना विस्तव, ना बिछाना, खायला तीन कोरड्या भाकऱ्या. सकाळी कवी राजाची निंदा करणारे चार शब्द रचतो, आणि तिथून राजाच्या भाग्याला ओहोटी लागते. खेळातल्या बार्डाजवळही अशी एक झोंबरी टवाळी आहे. तिने शत्रूला इजा होते नखाएवढी. पण त्याचा पुढचा वार करताना दोन फासे टाकून कमी पडलेला धरावा लागतो. इथेही बार्ड स्वतः फार काही मारत नाही. दुसऱ्यावर येणारा घाव चुकवतो.

दिवाळीच्या सुटीत हा खेळ घरी मांडणार असाल, तर एवढे करा. बार्डाचे फासे वेगळ्या रंगाचे ठेवा. उभारी दिली, असे नुसते तोंडाने म्हणू देऊ नका. फासा उचलून समोरच्याच्या हातात ठेवायला लावा. आणि बार्ड कोणी व्हायचे ह्यावरून मुले अडून बसली, तर गोड गळ्याच्या मुलाला निवडण्याची घाई करू नका. खेळताना आपली पाळी नसतानाही ज्याचे लक्ष पटावर असते, त्याला विचारून पाहा.