उघड्यावरचे स्नान आणि पाण्याचा हिशेब

पवना धरणाच्या काठी गेल्या काही वर्षांत पर्यटकांच्या तंबूंची वसाहतच उभी राहिली आहे. सतरंजीवर रात्र काढण्याचे दिवस मागे पडून पलंग, दिवे आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेला ऐषारामी तंबू, ज्याला ‘ग्लॅम्पिंग’ असे नाव मिळाले आहे, तो रूढ होत चालला आहे. याच्या पुढची पायरी म्हणजे तंबूसमोर उघड्या आकाशाखाली मांडलेला गरम पाण्याचा टब. श्रीमंतांची हौस म्हणून त्याची हेटाळणी करणे सोपे आहे. परंतु केवळ शेतीवर भागत नाही म्हणून आपल्याच रानात तंबू ठोकणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने तो भांडवल-गुंतवणुकीचा प्रश्न आहे, व त्याचा विचारही त्याच पातळीवर व्हावयास हवा.

चार-पाच माणसांच्या टबात सुमारे १,२०० लिटर पाणी मावते. ते २० अंशांवरून ४० अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास २८ युनिट ऊर्जा लागते. विजेचा दर युनिटला १० रुपये धरला, तर खर्च २८० रुपये होतो. उघड्यावर वाया जाणारी उष्णता जमेस धरून तो ४०० रुपये म्हणू. टबामुळे तंबूचे भाडे हजार रुपयांनी वाढणार असेल, तर टब बसविणाऱ्यास अविचारी म्हणता येणार नाही.

मात्र या हिशेबात दोन गोष्टी सुटतात. पहिली स्पर्धेची. पहिल्या टबाला जादा भाडे मिळते ते इतरांकडे टब नसतो म्हणून. शेजारच्या दहाजणांनी तो बसविला की ते जादा भाडे घसरते, लाभ गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो आणि कर्जाचा हप्ता तेवढा मालकाकडे उरतो. ज्याच्यापाशी भांडवल आहे तो यातून तरतो. सात-बारा गहाण ठेवून व्यवसायात उतरलेला शेतकरी तरेलच असे नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मालकाच्या वहीत पाण्याची किंमत बहुधा पंपाच्या विजेपुरतीच मांडलेली असते. जलजीवन मिशनने खेड्यातील माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. म्हणजे टब एकदा भरणे हे बावीस माणसांचे दिवसाचे पाणी झाले. टब लाकडावर तापविला, तर निम्मी उष्णता वाया जाते असे धरून चौदा-पंधरा किलो वाळलेले जळण लागते. घरच्या बंबाला चार ढलप्या पुरत, हे येथे आठवावे. शिवाय वापरलेले पाणी उतारावरून पुन्हा जलाशयाकडेच जाते, आणि त्याच पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. या पाण्याच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळातील आंदोलनावर ऑगस्ट २०११ मध्ये गोळीबार होऊन तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. ज्या खोऱ्यात पाण्याच्या वाटपावरून रक्त सांडले, तेथे पाण्याला फुकट समजणे परवडणारे नाही.

ए. सी. पिगू यांनी १९२० साली ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ या ग्रंथात दाखवून दिले की, खाजगी परिव्यय आणि सामाजिक परिव्यय यांत अंतर पडते तेथे कर आकारून ते भरून काढता येते. जपानमध्ये उन्हाळ्यांच्या गावी हेच घडते. तेथील स्थानिक संस्था स्नानकर आकारतात. त्याचा सर्वसाधारण दर माणशी दिवसाला १५० येन असून, ती रक्कम स्वच्छता, झऱ्यांचे रक्षण, पर्यटनवृद्धी अशा कामांसाठीच खर्चावयाची असते.

आपणही टबांवर बंदी घालण्याच्या भरीस पडू नये. मीटरने मोजून पाण्याची आकारणी करावी, टबाचे पाणी जलाशयात न जाता झाडांना किंवा शोषखड्ड्यात जाईल अशी सक्ती असावी, सौर तापकास उत्तेजन द्यावे, आणि प्रत्येक टबामागे ठरावीक रक्कम ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यासाठी राखून ठेवावी. शेतकऱ्यांनीही तंबूगणिक टब बसविण्याऐवजी आठ-दहा तंबूंमागे एक सामाईक स्नानगृह उभारावे. भांडवल कमी अडकेल आणि पाणीही वाचेल. २०२० साली राज्य शासनाने कृषि-पर्यटन धोरण जाहीर केले, ते शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावे म्हणून. त्या उत्पन्नाचा भार त्याच गावातील हंडे वाहणाऱ्या बायकांच्या डोक्यावर पडणार असेल, तर ते उत्पन्न वहीच्या जमेच्या बाजूस मांडता येणार नाही.