उज्जैनपर्यंत आलेली स्वारी

(इस्लामच्या आरंभीच्या मोहिमा : भाग ७)

मागच्या आठवड्यात आपण यर्मूक आणि कादिसियाच्या रणांगणावर होतो. रोमी साम्राज्याचा सीरिया आणि इराणचं सासानी राज्य एका पिढीच्या आत अरबांच्या हाती कसं गेलं, ते पाहिलं. आज त्याच फौजांची पुढची पिढी माळव्यात येते. आपल्या बागलीहून उज्जैन सरळ रेषेत जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. पैगंबरांचं निधन इ.स. ६३२ मधलं. त्याला शंभर वर्षं व्हायच्या आत अरबांची एक तुकडी उज्जैनवर चालून आली होती. आपल्याकडे इतिहास म्हटला की राजा भोज, मांडूचे सुलतान आणि मग एकदम पवार-होळकर-शिंदे. त्यामुळे ही स्वारी देवास-धारच्या चांगल्या वाचत्या घरांतही कुणाला ठाऊक नसते.

आधी थोडं मागे जाऊ. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर अरबांचं पहिलं लष्करी पाऊल पडलं ते ठाण्याला, हिजरी सन १५ मध्ये, म्हणजे ६३६ च्या सुमारास. यर्मूकचं वर्षही हेच. बहरीन आणि ओमानचा सुभेदार उस्मान इब्न अबिल आस याने समुद्रमार्गे एक टोळी ठाण्यावर धाडली. आपला भाऊ हकम याला त्याने भडोचवरही पाठवलं. ठाण्यावर गेलेली माणसं सुखरूप परतली. उस्मानने ही खबर खलिफा उमरला कळवली आणि शाबासकीऐवजी खरमरीत पत्र आलं. लाकडावर किडा बसवून पाण्यात सोडावा तशी तू माणसं समुद्रात सोडलीस. ती बुडाली असती तर तेवढीच माणसं तुझ्या टोळीतून वसूल केली असती, असा त्याचा मतलब. रोमी आणि इराणी अशा दोन बलाढ्य सत्तांशी एकाच वेळी झुंजणारा उमर समुद्राला मात्र भीत होता म्हणा किंवा पोक्त विचार करत होता म्हणा. मला दुसरं जास्त पटतं.

हे सगळं सांगणारा बलाझुरी हा नवव्या शतकातला बगदादचा इतिहासकार. त्याच्या ‘फुतूह अल-बुल्दान’मध्ये सिंधवरचं प्रकरण आहे आणि आपलं उज्जैन तिथेच भेटतं. ७१२ मध्ये महंमद बिन कासिमने राजा दाहिरला मारून सिंध घेतला. तीन वर्षांनी दमास्कसला खलिफा बदलला, कासिमला परत बोलावून कैदेत टाकलं आणि तो तिथेच संपला. मग ७२३ च्या आसपास सिंधवर आला जुनैद इब्न अब्दुर रहमान अल-मुर्री. हा माणूस धडाडीचा आणि तितकाच पैशाचा भुकेला. दाहिरचा मुलगा जयसिंह याने मुसलमान होऊन आपला मुलूख राखला होता. जुनैदने त्याच्याशीच भांडण उकरून काढलं आणि त्याला संपवलं. मग त्याने कच्छ, काठेवाड, राजस्थान, भडोच अशा चहूकडे सरदार धाडले. एक फौज ‘उझैन’वर गेली, तर हबीब इब्न मुर्रा नावाचा सरदार ‘मालिबा’त, म्हणजे माळव्यात घुसला.

आता बलाझुरीचा मजकूर जरा जवळून पाहू. उझैनवर छापा घातला, बहारिमद नावाच्या ठिकाणावर हल्ला करून तिथला पुरा जाळला, एवढंच तो सांगतो. उज्जैनला कोण राजा होता, लढाई किती दिवस चालली, महाकालाचं काय झालं, यातलं अवाक्षर नाही. आणि जाळला तो पुरा, म्हणजे तटाबाहेरची वस्ती, तीही बहारिमदची. उज्जैनचा तट पडला असता तर बलाझुरीने ते सांगायला कमी केलं नसतं. कारण त्याच ओघात पुढे बैलमान आणि जुर्झ, म्हणजे भीनमाळकडचा गुर्जर मुलूख, जुनैदने जिंकला असं तो स्पष्ट म्हणतो. उज्जैनबद्दल तसं म्हणत नाही. नेमलेला सुभेदार नाही, ठरलेली खंडणी नाही, मशीद बांधल्याची नोंद नाही.

मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. मुलूखगिरी वेगळी आणि ठाणं बसवणं वेगळं. नर्मदा ओलांडून मराठ्यांची पथकं माळव्यात अनेक वर्षं येत-जात होती. पण २९ नोव्हेंबर १७२८ ला आपल्या धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने सुभेदार गिरिधर बहादूरला पाडलं, त्यानंतर अंमल खरा बसू लागला. धारला आणि देवासला पवारांच्या गाद्या झाल्या. जुनैदची मोहीम या हिशेबात मुलूखगिरीच्या पायरीवर थांबली.

तिच्यामागचं अर्थकारण समजायला बद्रची आठवण काढावी लागते. भाग २ मध्ये आलेलंच आहे : ६२४ मध्ये मदिनेचे तीनशेहून थोडे अधिक लोक मक्केच्या हजारभर लोकांना भारी पडले आणि जिंकल्यावर लुटीच्या वाटणीवरून कुरबुर झाली. तेव्हा कुराणात नियम आला की पाचवा हिस्सा अल्ला, पैगंबर, त्यांचे आप्त, अनाथ, गरीब आणि वाटसरू यांच्यासाठी. उरलेले चार लढणाऱ्यांचे. पुढे तो पाचवा हिस्सा खलिफाच्या खजिन्यात जाऊ लागला. वाळवंटातल्या एका विहिरीपाशी झालेल्या चकमकीतून निघालेली ही पद्धत शंभर वर्षांनी सिंधच्या सुभेदारालाही लागू होती. छापा घातला की सैनिक खूश, दमास्कस खूश, आणि सुभेदाराच्या घरात काय राहिलं ते वेगळंच. बलाझुरी सांगतो, जुनैदने आल्यागेल्याला दिलं ते सोडून त्याच्या घरी ४ कोटी जमले होते आणि तेवढेच त्याने वर पाठवले. आकडा फुगवलेला असेलही, पण हेतू लपत नाही.

आणि उज्जैनच का? भडोचच्या बंदरातून आत येणारा माल ज्या बाजारात उतरे, तो हा बाजार. माळव्याचं पठारही उत्तरेकडे उतरतं. काळी सिंध आपल्या बागलीच्या डोंगरात उगम पावते आणि वाहते ती उत्तरेला, चंबळीकडे. राजस्थानात पाय रोवलेल्या फौजेला या बाजूने पठार मोकळं. दक्षिणेला मात्र बागली ओलांडली की विंध्याचा कडा तुटतो आणि खाली नर्मदेचं जंगल. घोडेस्वारांनी तिथे जाऊन काय लुटायचं?

आता इकडची बाजू. ग्वाल्हेरजवळच्या सागरतालला प्रतिहार राजा मिहिरभोजाची प्रशस्ती मिळाली. तिच्यात त्याचा पूर्वज नागभट याने बलाढ्य म्लेच्छ राजाच्या सेना चिरडल्याचं सांगितलंय. हा नागभट मूळचा उज्जैनचा की जालोर-भीनमाळचा, यावर विद्वानांत जुना वाद आहे. त्याहून बोलका आहे नवसारीचा ताम्रपट, इ.स. ७३९ चा, घटनेच्या अगदी लगतचा. ‘ताजिक’, म्हणजे अरब, सैन्याने सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य आणि गुर्जर राजांना झोडपलं आणि दक्षिणापथ जिंकायच्या इराद्याने ते नवसारीत शिरलं. तिथे अवनिजनाश्रय पुलकेशी या चालुक्य मांडलिकाने त्याची वाट अडवली. रणवर्णनात शिरं उडालेली धडं ढोलांच्या तालावर नाचतात. धन्याचं ऋण शिर देऊन फेडलं याचा त्यांना आनंद झालाय. हा अर्थातच दरबारी कवीचा थाट. बदामीच्या विक्रमादित्य दुसऱ्याने खूश होऊन पुलकेशीला चार बिरुदं दिली. त्यातलं एक ‘अनिवर्तकनिवर्तयितृ’, म्हणजे माघार न घेणाऱ्यांना माघारी धाडणारा.

झोडपलेल्यांच्या या यादीत माळव्याचं नाव नाही, हे लक्षात घ्या. शत्रूचा दरारा वाढवून सांगण्यातच कवीचा फायदा होता. उज्जैन पडलं असतं तर ते नाव त्याने सोडलं नसतं.

हल्ली या साऱ्याची मोट बांधून ‘राजस्थानची लढाई, ७३८’ अशी एकच महायुद्धाची कथा सांगितली जाते, नकाशे आणि बाणांसकट. नागभट एका बाजूला, पुलकेशी दुसऱ्या बाजूला, मधे अरब. ऐकायला झकास, पण तसं म्हणणारा एकही शिलालेख नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या राजांनी, पंधरा-वीस वर्षांत दिलेल्या लढाया आहेत या. तलवारींइतकंच अंतरही अरबांना नडलं. याच सुमारास खिलाफतीच्या फौजा फ्रान्समध्ये तूरजवळ (७३२), मध्य आशियात तुर्कांपुढे, आणि ७४० मध्ये आनातोलियात अक्रोइनोनला मार खात होत्या. उत्तर आफ्रिकेत बर्बर उठले तेही ७४० मध्येच. सिंधमध्ये कुमक पाठवणार कोण?

जुनैद गेला आणि त्याच्या जागी आलेला तमीम इब्न झैद दुबळा निघाला. अरबांनी हिंदची काही ठाणी सोडली आणि आपल्या काळापर्यंत ते तिथे परतलेले नाहीत, असं बलाझुरी दीडशे वर्षांनंतर लिहितो. पुढचा सुभेदार हकम इब्न अवाना आला तेव्हा मुसलमानांना जीव वाचवायला आसरा उरला नव्हता. त्याने नवं शहर बांधलं आणि नाव ठेवलं महफूझा, सुरक्षित. त्यामागोमाग महंमद बिन कासिमच्या मुलाने मन्सुरा वसवलं. सुभेदार शहराला असं नाव देतो, यावरूनच तेव्हाची दशा कळते.

उज्जैनमध्ये पुढे गाजला तो राष्ट्रकूट दंतिदुर्ग. त्याने तिथे हिरण्यगर्भ महादान केलं आणि गुर्जर राजाला दारपाल केलं, असं संजानचा ताम्रपट सांगतो. याच राष्ट्रकूटांच्या राज्यात पुढे अरब व्यापारी सुखाने नांदले. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणीला मिळालेला ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे ९२६ चा. त्यात संजान मंडळाचा कारभारी आहे मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे महंमदचंच संस्कृत रूप मानतात. याने नदीवर फुकट तर चालवली, भात, कालवण आणि तूप वाढणारं अन्नछत्र घातलं आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठाला जमीन मिळवून दिली. नवसारीच्या ताम्रपटात ज्यांची शिरं उडत होती तेही ताजिकच. मधे गेली १८७ वर्षं, आणि नवसारीहून संजान काही दिवसांच्याच मजलेवर.

जुनैदला पुढे खुरासानची सुभेदारी मिळाली. ७३१ मध्ये समरकंदजवळच्या एका खिंडीत तुर्गेश तुर्कांनी त्याची फौज कोंडीत पकडली. हजारो माणसं गमावून तो कसाबसा बाहेर पडला. पुढच्या आठवड्यात त्या खिंडीत जाऊ.