फिल्म वाचणारे यंत्र: एका दशकाचा मागोवा

एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्याचा खटाटोप 1960 च्या दशकापासूनचा. पुढची चाळीस वर्षे झरझर ओलांडावीत अशीच आहेत. 1998 मध्ये अमेरिकेत मॅमोग्राफीच्या संगणकीय मदतनिसाला परवाना मिळाला; 2007 च्या एका मोठ्या अभ्यासात त्याने वाचनाची अचूकता घटवल्याचे दिसले.

खरा बदल 2012 नंतरचा. कोणत्या खुणा शोधायच्या हे माणसाने सांगण्याऐवजी निदान झालेल्या हजारो फिल्म दाखवून यंत्रालाच त्या हुडकू दिल्या गेल्या. 2016 मध्ये संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे थांबवा, पाच वर्षांत यंत्र सरस ठरेल, असे सांगून टाकले. पाच वर्षे सरली, रेडिओलॉजिस्टची टंचाई सरली नाही. हिंटन यांना 2024 मध्ये नोबेल मिळाले, पण ते या भाकितासाठी नव्हे.

त्याच 2016 साली मुंबईत क्युअर डॉट एआय ही कंपनी सुरू झाली. डोक्याच्या तीन लाखांहून अधिक सीटी स्कॅनवर आधारलेला तिचा अभ्यास 2018 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. मग कोविडने घाई शिकवली. 2021 च्या एका आढाव्यात निवडलेल्या 62 शोधनिबंधांपैकी एकही पद्धत दवाखान्यात वापरण्याजोगी निघाली नाही. काहींत निरोगी म्हणून लहान मुलांच्या छातीच्या फिल्म घेतल्या होत्या. यंत्र रोग नव्हे, वय ओळखायला शिकले.

टिकले ते साधे काम: क्षयाची चाळणी. मार्च 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 15 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठी यंत्रवाचनाला मान्यता दिली. 2019–21 च्या भारताच्या राष्ट्रीय क्षय सर्वेक्षणात 42.6 टक्के क्षयरुग्ण केवळ एक्स-रे काढला म्हणून सापडले होते. नुसती लक्षणे विचारली असती तर ते निसटलेच असते. भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या गावी याचे मोल कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रेडिओलॉजिस्टचे पदच नसते. हातात मावणारे एक्स-रे यंत्र मात्र गावात नेता येते.

सॉफ्टवेअर प्रत्येक फिल्मला गुण देते. संशयित ठरवण्याची गुणमर्यादा खाली ठेवली तर थुंकीच्या तपासण्या वाढतात, वर नेली तर रुग्ण सुटतात. म्हणून ती त्या त्या भागातल्या लोकांवर पडताळून ठरवावी लागते. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचे व्रणही गुण फुगवतात. त्यामुळे शेवटचा शब्द थुंकीचाच. नमुना सीबीनॅट किंवा गोव्यातल्या कंपनीने बनवलेल्या ट्रूनॅट या जनुकीय चाचणीच्या यंत्रावर जातो, आणि निकाल हाती येईपर्यंत नमुना देणारा माणूस बहुधा रानात कामाला गेलेला असतो.