चित्रकला, मैदान आणि मन: गुरुजींच्या प्रशिक्षणाकडे पालकांनी का लक्ष द्यावं?

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे देशभर ओळखलं जातं. इथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या आपल्या घरांत मुलांच्या तालीमचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. गणितात किती मार्क पडले? इंग्रजी वाचता येतं का? चित्रकलेच्या तासाला काय केलं, मैदानावर गेलास का, हे क्वचितच कोणी विचारतं. आणि मूल गप्प गप्प राहू लागलं, तर 'लाडावलंय' म्हणून विषय संपतो.

कला, व्यायाम आणि मनाचं आरोग्य या तीन गोष्टी मुलांपर्यंत कशा न्यायच्या, यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं जातं. ते काय असतं, वर्गात पोहोचताना कुठे अडतं आणि पालक म्हणून आपल्या हातात काय आहे, हे आम्ही इथे सांगत आहोत.

सगळं एकाच गुरुजींवर का येतं?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावे लागतात. खेड्यातल्या शाळेत, मग ती मराठी असो की उर्दू, तेवढी पटसंख्या बहुतेक वेळा नसते. म्हणजे जे गुरुजी किंवा बाई भाषा आणि गणित शिकवतात, त्यांनीच चित्रही शिकवायचं, कवायतही घ्यायची आणि रडणाऱ्या मुलाला सांभाळायचंही. म्हणूनच लहान शाळेच्या शिक्षकाला या प्रशिक्षणाची गरज मोठ्या शाळेपेक्षा जास्त आहे.

कोणती प्रशिक्षणं आहेत?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण घ्यावं अशी अपेक्षा आहे. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'निष्ठा' उपक्रम सुरू केला. कोरोनाकाळात तो 'दीक्षा' ॲपवर आला. त्यात कलेच्या मदतीने इतर विषय शिकवणं आणि शाळेतलं आरोग्य असे भागही आहेत. २०२० पासून शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक महिला, आरोग्य दूत म्हणून तयार करायचे आहेत. त्यांच्या ११ विषयांत आहार आणि व्यसनमुक्तीसोबत मानसिक आरोग्यही आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर कला आणि शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीचं स्थान दिलं आहे.

राज्यात हे काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पाहते. तिथून ते जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेकडे, मग तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे आणि शेवटी केंद्राच्या शिक्षण परिषदेपर्यंत येतं.

अडचण इथेच आहे. मोबाईलवर व्हिडिओ लागतो, प्रश्नांची उत्तरं टिकली जातात, प्रमाणपत्र येतं. पण व्हिडिओ पाहून कोणाला लेझीम येत नाही आणि ब्रशही धरता येत नाही. ज्या विषयांत हात, पाय आणि कान लागतात, ते समोरासमोर बसूनच शिकावे लागतात.

चांगल्या कार्यशाळेत काय होतं?

आधी कला. खुशखतीचंच उदाहरण घ्या. या लिपीत अक्षराची उंची नुक्त्याने मोजतात. कलमाच्या टोकाने उठलेला एक ठिपका हे माप, आणि अलिफ किती ठिपक्यांचा हे ठरलेलं. शिक्षकाने हे एकदा स्वतः करून पाहिलं की पाचवीच्या मुलांना गुणोत्तर समजावणं सोपं होतं. जाळीच्या नक्षीतून कोन आणि सममिती शिकवता येते. काही घरांत सजीवांची चित्रं काढू देत नाहीत. शिक्षकांना हे माहीत असलं, तर त्या मुलाला कोपऱ्यात बसवावं लागत नाही. वेली, नक्षी, अक्षरं हीसुद्धा कलाच आहे.

मग व्यायाम. आपल्याच विभागात, अमरावतीत, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. व्यायाम शिकवणारा आधी स्वतः मैदानात उतरला पाहिजे, हा साधा नियम आहे. वऱ्हाडच्या उन्हात तास कधी घ्यायचा, रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलाला धावायला न लावता काय काम द्यायचं, याही गोष्टी कार्यशाळेत बोलल्या गेल्या पाहिजेत.

तिसरं मन. शिक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे, आणि कार्यशाळेने त्यांना डॉक्टर बनवायचंही नसतं. तीन गोष्टी यायला हव्यात: बदल ओळखणं, न रागावता ऐकून घेणं आणि योग्य ठिकाणी पाठवणं. पूर्वी बोलणारी मुलगी महिनाभर गप्प आहे, डबा तसाच परत जातोय, हे सगळ्यात आधी वर्गशिक्षकालाच दिसतं. सरकारची 'टेली मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, हे त्यांना आणि आपल्यालाही माहीत हवं. आणि हो, कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकाचंही मन असतं. त्यांना मोकळं बोलायची जागा मिळाली, तर त्याचा फायदा आपल्याच मुलांना होतो.

मुलींचं मैदान

सातवी-आठवीत आल्या की आपल्या बऱ्याच मुली मैदानावर दिसेनाशा होतात. कारणं घरातलीही असतात आणि शाळेतलीही: कपडे, ओढणी, महिला शिक्षक नसणं. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ मध्ये डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. निजामाबादची निखत जरीन २०२२ आणि २०२३ मध्ये बॉक्सिंगची जगज्जेती झाली. जग पुढे गेलंय, तेव्हा आपल्या गावच्या शाळेतही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ट्रॅक पँट घालून मुलींना खो-खो खेळता आला पाहिजे. मुलींना सोबत घेऊन तास कसा घ्यायचा, हे प्रशिक्षणात असलंच पाहिजे. पण घरातून 'जा, खेळ' असं आपणही म्हणायला हवं.

आपण काय करायचं?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. म्हणजे समितीत आपल्या अम्मींचाही हक्क आहे. पुढच्या बैठकीत एवढे प्रश्न विचारा:

• आपल्या शाळेचे दोन आरोग्य दूत कोण? त्यांचं प्रशिक्षण झालं का?
• कला आणि खेळाचे तास वेळापत्रकात आहेत, पण प्रत्यक्ष होतात का, की गणिताला दिले जातात?
• प्रशिक्षणाहून आलेल्या शिक्षकांनी बाकीच्यांना काय शिकवलं?

शिक्षण परिषदेत यातला एक विषय प्रत्यक्ष करून दाखवावा, असा ठराव समिती करून केंद्रप्रमुखांकडे देऊ शकते. गावात खुशखती जाणणारे बुजुर्ग असतील, जुने कबड्डीपटू असतील, तर त्यांना शाळेत बोलवा. त्याला पैसे लागत नाहीत.

'आज पुन्हा गुरुजी ट्रेनिंगला गेले' ही तक्रार आपण सगळेच करतो. दोन शिक्षकी शाळेत एक जण गेला तर वर्ग सांभाळणं अवघड होतं, हेही खरं. म्हणूनच पुढच्या वेळी ते परत आले की विचारा, 'गुरुजी, काय शिकून आलात? आमच्या पोरांना कधी दाखवणार?' पालक विचारतात हे कळलं, की प्रशिक्षण कागदावर राहणं कठीण होतं.