दात बसवण्याआधी 'हाड भरायचे' म्हणजे काय?

"ताई, डॉक्टर म्हणतात, दात बसवायच्या आधी हाड भरावं लागेल. पायाचं हाड काढणार का हो?" वस्तीत फिरताना आम्हाला असे विचारले जाते. घाबरू नका. पण समजून घेतल्याशिवाय पैसेही भरू नका.

दाताचे मूळ जबड्याच्या हाडात रुतलेले असते. दात काढला की तिथले हाड झिजू लागते. वर्षभरात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि बरीचशी झीज पहिल्या ३ महिन्यांतच होते. इम्प्लांट म्हणजे टायटेनियमचा छोटा स्क्रू. भुसभुशीत भिंतीत खिळा टिकत नाही, तसा तो कमी हाडात टिकत नाही. म्हणून तिथे हाडाचे बारीक दाणे भरतात. हेच 'बोन ग्राफ्ट'. त्यांच्या आधाराने आपले हाड वाढते. त्याला बहुधा ४ ते ६ महिने लागतात. हाड थोडेच कमी असेल तर दोन्ही कामे एकाच वेळीही होतात.

हे हाड येते कुठून? आपल्याच जबड्यातून, मरणोत्तर दान केलेल्या मानवी हाडातून, गाय-डुकराच्या शुद्ध केलेल्या हाडातून, किंवा ते कारखान्यात बनवतात. आपल्या तोंडात कोणते घालणार, हे विचारणे आपला हक्क आहे.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची जखम नीट भरत नाही, ग्राफ्ट वाया जाण्याचा धोका वाढतो. तंबाखू, मशेरी, गुटखाही बंद करा. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या-इंजेक्शन सुरू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

पैसे भरण्याआधी हे विचारा:
• हाड किती कमी आहे, एक्स-रे किंवा स्कॅनवर दाखवाल का?
• ग्राफ्टशिवाय भागेल का? ब्रिज किंवा कवळी चालेल का?
• ग्राफ्ट, स्क्रू, वरचा दात, सगळा खर्च कागदावर लिहून द्याल का?

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. दुसरा सल्ला तिथे घ्या. कवळीने जेवता येत असेल तर इम्प्लांटसाठी कर्ज काढू नका. कवळी लावण्यात कमीपणा नाही.

आणि दात काढायला जाल तेव्हा आधी विचारा, "हा वाचेल का?" आपला दात वाचला, तर त्याभोवतीचे हाडही राहते.