टेस्ट कधी पास, कधी फेल. मग दोष कुणाचा?

नवे फीचर जोडले की कंपायलरच्या चाचण्या अधूनमधून का अडखळतात? ‘गो’ भाषेच्या उदाहरणातून समजून घ्या

नेर : कृषिपंप अधूनमधून बंद पडतो आणि वायरमन आला की नेमका सुरळीत चालतो. नेर तालुक्यातील ओलिताच्या कास्तकाराला ही डोकेदुखी सांगायला नको. कायमची बंद पडलेली मोटर दुरुस्त करता येते. मध्येच रुसणारीचा दोष सापडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये अशा चाचण्यांना ‘फ्लेकी टेस्ट’ म्हणतात. कोड तोच, पण निकाल कधी पास, कधी फेल. गुगलने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, त्यांच्या जवळपास १६ टक्के चाचण्यांमध्ये कमी-अधिक प्रमाणात हा दोष होता.

नवे फीचर काय होते?

प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड यंत्राला समजेल अशा सूचनांमध्ये बदलतो तो कंपायलर. ‘गो’ भाषेची १.१४ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२० मध्ये आली. त्याआधी एखादे लूप अखंड फिरत राहिले तर त्याला मध्येच थांबवता येत नसे आणि बाकीची कामे खोळंबत. नव्या सोयीत अशा कामाला ‘सिग्नल’ पाठवून थांबवता येऊ लागले.

बिघाड कुठे दिसला?

२०१९ च्या अखेरीस, तयारी सुरू असताना, लिनक्स ५.२ व त्यापुढील कर्नलवर चाचण्या अधूनमधून कोसळू लागल्या. मेमरीतील माहिती बिघडत होती. संशय साहजिकच नव्या फीचरवर होता. ‘गो’चे अभियंता ऑस्टिन क्लेमेंट्स यांनी शोध घेतला, तेव्हा दोष लिनक्स कर्नलमध्ये निघाला.

सिग्नल आला की कर्नल प्रोसेसरच्या रजिस्टरमधील आकडे जपून ठेवतो आणि नंतर परत भरतो. रजिस्टरमध्ये सध्या कुणाचे आकडे आहेत, ही नोंद कामाच्या मध्ये बदलणार नाही, असे कर्नलच्या कोडमध्ये गृहीत धरले होते. ५.२ मधील बदलांनंतर ती बदलू शकत होती. जीसीसी ९ या कंपायलरने मात्र जुन्या गृहीतकावर विसंबून एकदा वाचलेली नोंदच पुन्हा वापरली. त्यात सिग्नलसाठी लागणारे मेमरीचे पान त्या क्षणी हजर नसले, तरच बिघाड होण्याची शक्यता. इतके योग एकत्र जुळावे लागत, म्हणून चाचणी कधीतरीच फेल होई. नव्या फीचरने सिग्नल वाढवले आणि लपलेला दोष उघडा पडला.

दुरुस्ती कशी झाली?

लिनक्स ५.३.१५ आणि ५.४.२ मध्ये दोष दूर झाला. ‘गो’नेही बाधित कर्नलवर ते पान मेमरीतून हलू न देण्याची तात्पुरती सोय केली.

याचे महत्त्व काय?

डॉकर, कुबरनेटीज ही सर्व्हर चालवणारी साधने ‘गो’मध्येच लिहिलेली आहेत. प्रोग्रॅम बंद पडला तर निदान कळते. आकडा गुपचूप बदलला तर कळतही नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

नेरहून यवतमाळ-अमरावतीला अभियांत्रिकी शिकायला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी :

- ‘पुन्हा चालवली, पास झाली’ म्हणून विषय सोडू नका.
- तीच चाचणी शेकडो वेळा चालवून किती वेळा फेल होते ते मोजा.
- फीचर बंद आणि सुरू ठेवून तुलना करा.
- प्रत्येक वेळी कर्नल व कंपायलरची आवृत्ती नोंदवा. ‘गो’च्या प्रकरणात हाच धागा कर्नलपर्यंत घेऊन गेला.